मी मुले पळवणारा नसल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : १ जुलै २०२४

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय,
कोल्हापूर.

अर्जदार : कृष्णात दत्तू चौगले, वय ४१, धंदा – शालेय विद्यार्थी वाहतूक, रा. फुलेवाडी, कोल्हापूर.

विषय : अर्जदार हा लहान मुले पळवणारा इसम नाही असा लेखी दाखला मिळणे व अर्जदाराच्या मारहाणीचा अर्धवट व्हिडिओ फिरणे थांबवणेबाबत.

संदर्भ : १) दि. १२ मे रोजी वॉटर पार्कमध्ये घडलेला प्रकार. २) माझे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ३) व्हॉट्सअॅपवरील व्हिडिओ (यास जावक क्रमांक नाही).

महोदय,

अर्ज लांबला आहे, याची मला जाणीव आहे. व्हिडिओ मात्र एका मिनिटाचाही नाही. त्यात जे आले नाही ते सांगायला मला एवढे कागद लागले, तरी आपण शेवटपर्यंत वाचावे ही पहिली विनंती.

१) मी गेली कित्येक वर्षे शहरातील शाळेच्या मुलांची ने-आण करतो. माझी पिवळी व्हॅन आहे व तिच्यावर नियमाप्रमाणे ‘शालेय विद्यार्थी वाहतूक’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. मुले मला मामा म्हणतात. पालकांची आजवर एकच तक्रार होती, ती म्हणजे मामा गाडीत गाणी म्हणू देतात आणि घरी येईपर्यंत पोरांचा घसा बसतो.

२) माझी मुलगी कु. राजनंदिनी तिसरीतून चौथीत गेली. गाडीतली सगळी पोरे वॉटर पार्कला जाऊन आली, मी एकटीच राहिले, असा तिचा दोन उन्हाळे हट्ट चालू होता. मे महिन्यात शाळा बंद असल्याने व्हॅन रिकामीच होती. म्हणून रविवार दि. १२ मे रोजी मी, पत्नी सौ. अनुजा व राजनंदिनी असे तिघे आमच्याच व्हॅनमधून महामार्गालगतच्या वॉटर पार्कला गेलो. उन्हाची काहिली इतकी होती की सगळा जिल्हाच तिथे आला होता. गाड्या लावायला शेजारच्या शेतात जागा केली होती. आत गेल्यावर पाणी कुठे दिसेना, नुसती माणसेच दिसत होती.

३) तेथील नियम असा की स्वतःच्या कपड्यांवर पाण्यात उतरता येत नाही. नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. लहान मुलींना सरसकट गडद निळा, बाजूने नारिंगी पट्टा असलेला पोशाख देतात. दुसरा नियम असा की चष्मा घालून पाण्यात सोडत नाहीत. माझा नंबर उणे सहा आहे. मी दारावरच्या माणसास सांगितले की चष्म्याशिवाय मला माणूस दिसतो, पण कोण ते दिसत नाही. तो म्हणाला, “पावणं, पाण्यात काय वाचायचं हाय व्हय तुमास्नी?” मागून लोक ढकलत होते. मी चष्मा काढला. तो आणि मोबाइल लॉकरमध्ये गेले, व लॉकरची किल्ली रबरी पट्ट्याने पत्नीच्या मनगटाला बांधलेली होती.

इथेच नमूद करतो की चष्मा लावल्यावर मला पूर्ण दिसते. मी चष्म्याशिवाय गाडीच्या स्टिअरिंगला हातही लावत नाही. नेत्रतपासणीचा कागद सोबत जोडला आहे. सबब या अर्जाची प्रत परिवहन विभागाकडे पाठवू नये.

४) दुपारी जेवणानंतर पत्नी म्हणाली की मला भोवळ आल्यासारखे होते आहे, मी कपडे बदलायच्या खोल्यांकडे सावलीत बसते. मी राजनंदिनीला घेऊन लाटांच्या तलावात गेलो. तिथे थोड्या-थोड्या वेळाने भोंगा वाजतो आणि यंत्राने लाटा सोडतात. भोंगा वाजला की सगळीकडची माणसे आरडाओरडा करत त्या तलावात पळत येतात. मी तिचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. डीजे चालू होता. दुसरी का तिसरी लाट आली, पाच-सहा मोठी पोरे आमच्या अंगावर कोसळली, आणि मी उठलो तेव्हा हातात हात नव्हता.

साहेब, मला समोर निळे निळे ठिपके दिसत होते. प्रत्येक ठिपक्याला नारिंगी पट्टा होता. मी “नंदू, नंदू” म्हणून ओरडत पाण्यातून फिरलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. काठावर शिट्टीवाला होता, त्यास सांगितले. तो म्हणाला, “हितंच असंल की वो, जाती कुठं?” पुकारणाऱ्या खोलीत गेलो, तर तिथल्या मुलीने सांगितले की गाणे संपल्यावर पुकारते. ते गाणे संपेना. मी पत्नीकडे गेलो नाही, कारण पोर हरवली हे तिला सांगायचे मला धाडस झाले नाही. मी अनवाणी, तापलेल्या फरशीवरून, घसरगुंड्यांकडे, नळाच्या पावसाकडे, ट्यूबच्या ओढ्याकडे, परत तलावाकडे असा फिरत राहिलो. वाकून प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघत होतो. आता कळते की बघणाऱ्याला ते कसे दिसत असेल.

५) मोठ्या घसरगुंडीच्या पायऱ्यांपाशी एक मुलगी गुडघ्यात डोके घालून रडत बसली होती. तीच उंची, तोच पोशाख, ओल्या दोन वेण्या. मी “नंदू!” म्हणालो व तिचे मनगट धरले. ती उठली आणि काही न बोलता माझ्याबरोबर निघाली. मीही रडत होतो. “कुठं गेलतीस गं? जीव गेला की माझा,” असे मी तिला म्हणालो. ती हुंदके देत अर्धे पाऊल मागून चालत होती, एका हाताने तोंड झाकून. मी तिच्याकडे वळून पाहिले नाही. तिला एकदा आईच्या ताब्यात दिले की मी सुटलो, एवढेच डोक्यात होते.

ती माझी मुलगी नव्हती. तिचे नाव दानेश्वरी. तीही हरवलेलीच होती. घरात कानडी बोलणारे सीमेकडच्या गावचे हे कुटुंब. तिने नंतर पोलीस ठाण्यात सांगितले की मला वाटले हे पार्कातले काका आहेत, मला अप्पांकडे सोडायला निघालेत.

६) कपडे बदलायच्या खोल्या जवळ आल्या तेव्हा तिला तिचे वडील श्री. प्रभुलिंग पट्टणशेट्टी दिसले. ती “अप्पा!” म्हणून ओरडली व हात ओढू लागली. डीजेच्या गोंगाटात मला ‘पप्पा’ ऐकू आले. मला वाटले, पोर घाबरून मलाच हाक मारते आहे. मी म्हणालो, “हाय की मी हितंच,” आणि हात आणखी घट्ट धरला. एकदा सुटला होता, म्हणून घट्ट धरला.

व्हिडिओ इथून सुरू होतो.

श्री. प्रभुलिंग धावत आले, “बिड! बिड!” म्हणजे सोड, सोड, असे ओरडत त्यांनी माझ्या कानाखाली मारली. कुणीतरी “पोरं पळवणारा हाय रं!” अशी आरोळी दिली. मग कोणी कोणी मारले ते मला सांगता येणार नाही. चपलांनी मारले, रबरी ट्यूबने मारले, एका बाईने पाण्याच्या बाटलीने मारले. मी फरशीवर पडलो. पडल्यावर त्या मुलीचे तोंड पहिल्यांदा माझ्या तोंडासमोर आले. ती राजनंदिनी नव्हती हे दिसताच मार खाण्याची भीती गेली आणि दुसरीच भीती आली, की मग माझी कुठे आहे? मी मोठ्याने ओरडलो, “ही माझी न्हाय! ही माझी न्हाय!”

व्हिडिओ इथे संपतो.

आपण तो पाहिला असल्यास आपणही हेच समजला असाल की आरोपीने गुन्हा कबूल केला.

७) आता जे कोणाच्या मोबाइलमध्ये नाही ते लिहितो. राजनंदिनी पाण्यातून बाहेर पडून केव्हाच आईपाशी जाऊन बसली होती. गलका ऐकून दोघी आल्या. राजनंदिनी लोकांच्या पायांतून घुसली व माझ्या अंगावर आडवी पडली. “माझा पप्पा हाय त्यो! मारू नका! माझा पप्पा हाय!” असे ती किंचाळत होती. तिचे ऐकून जवळची दोन-तीन माणसे थांबली. बाकीची थांबली ती भोंगा वाजला म्हणून. पुढच्या लाटांचा भोंगा झाला आणि मारणारे सगळे पळत तलावात गेले. तिथे आम्ही तिघे, श्री. प्रभुलिंग, त्यांची मुलगी, आणि तुटलेल्या चपला एवढेच राहिलो.

पत्नीने लॉकर उघडून चष्मा आणून माझ्या डोळ्यांवर घातला. मग तिने विचारले, “अवो, हातावरनं बी कळलं न्हाय व्हय?”

पार्कवाल्यांनी पोलीस बोलावले होते. ठाण्यात दोन्ही मुलींना विचारले, दोन्ही घरच्या माणसांना विचारले, माझा चष्मा तिथल्या साहेबांनी स्वतः लावून पाहिला व लगेच काढून टेबलावर ठेवला. गुन्हा नाही म्हणून नोंद झाली नाही. श्री. प्रभुलिंग माझ्यापुढे हात जोडून रडले. म्हणाले, “पावणं, माझ्या डोक्यात काय शिरलं मला कळलं न्हाई.” मी त्यांस म्हणालो की तुमच्या जागी मी असतो तर मीही मारले असते. ते खरे आहे. त्यांच्यावर माझी तक्रार नाही व पुढेही असणार नाही.

८) प्रकरण तिथेच मिटायला हवे होते. पण आम्ही ठाण्यात असताना शेतात लावलेल्या माझ्या व्हॅनचा कुणीतरी फोटो काढला, नंबरसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आणि फोटो एकत्र फिरू लागले. खाली मजकूर असा की, शाळेच्या गाडीच्या आडून मुले पळवणारी टोळी उघड, पालकांनो सावध राहा, जास्तीत जास्त पुढे पाठवा. तो मला प्रथम माझ्या सख्ख्या मेहुण्याने पाठवला व खाली विचारले, हे तुमच्यासारखे दिसतात, कोण आहेत?

मी स्वतःचा खुलासा करणारा व्हिडिओ केला. त्यावर लोकांनी लिहिले की चष्मा लावून कसा साळसूद दिसतोय बघा. श्री. प्रभुलिंग यांनी किराणा दुकान बंद ठेवून, मुलीस शेजारी बसवून व्हिडिओ केला. त्यावर लिहिले की आत मिटवामिटवी झालेली दिसते. तेव्हापासून मी व्हिडिओ करत नाही. पार्ककडे कॅमेऱ्यातील पुढचे चित्रण आहे का, हे विचारायला मी मेमध्येच तीनदा गेलो. मॅनेजर म्हणाले, पोलिसांचे पत्र आणा. ते चित्रण अजून शिल्लक आहे की पुसले गेले, हे मला माहीत नाही.

९) जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आधीच फोन येऊ लागले. राजवीर व यशराज या दोन भावंडांना मी बालवाडीपासून नेतो. यशराजला गाडी लागते म्हणून मी त्यास पुढे खिडकीपाशी बसवतो. त्यांची आई म्हणाली, “मामा, माझा तुमच्यावर विश्वास हाय, पण घरातली ऐकंनात. वाईट वाटून घेऊ नका.” त्यानंतर प्रत्येकाने थोड्याफार फरकाने हेच सांगितले. सगळ्यांचा माझ्यावर विश्वास आहे, साहेब. गाडीत मात्र कोणी बसत नाही.

मी रीतसर चारित्र्य पडताळणी करून घेतली. प्रमाणपत्रात ‘अर्जदाराविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. ते घेऊन मी राजवीरच्या आजोबांकडे, श्री. उदयसिंह यांच्याकडे गेलो. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ आहेत. त्यांनी दोनदा वाचले, मागून-पुढून पाहिले आणि म्हणाले, “कृष्णात, यात तू पोरं पळवत न्हाईस असं कुठं लिवलंय? गुन्हा नोंद न्हाय असं लिवलंय. नोंद नसंल, म्हणजे सापडला नसशील.” मला वाईट वाटले, पण शब्दाला शब्द लावून पाहता त्यांचे बरोबर आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना मी तसा स्वतंत्र दाखला मागितला. ते चांगले बोलले, पण हसू त्यांना आवरेना. म्हणाले, “असा नमुनाच न्हाय पावणं आमच्याकडं.” सबब नमुना मी स्वतः तयार केला असून तो खालीलप्रमाणे आहे :

‘दाखला देण्यात येतो की, श्री. कृष्णात दत्तू चौगले यांनी दि. १२ मे रोजी एका मुलीचा हात धरला, तो स्वतःची मुलगी समजून धरला. ते मुले पळवत नाहीत. ते मुले घरी पोहोचवतात.’

शेवटचे वाक्य नियमात बसत नसल्यास वगळावे. मधले राहू द्यावे.

१०) आणखी एक बाब मी होऊन कळवतो, कारण ती आपल्यापर्यंत वेगळ्या तोंडाने पोहोचली असण्याची शक्यता आहे. शाळा सुरू झाल्यापासून मला सकाळी घरात बसवत नाही. जाग येते, अंघोळ होते, पाय आपोआप चपलेत जातात. मी रिकामी व्हॅन काढतो आणि त्याच रस्त्याने, त्याच थांब्यांवर थांबत, शाळेपर्यंत जाऊन परत येतो. कोणाला हॉर्न देत नाही. खाली उतरत नाही. नुसते थांबतो व पुढे जातो. पत्नीने समजावले की असे करू नका, लोक काय म्हणतील. तिचे खरे झाले. व्हिडिओतील व्हॅन रोज सकाळी रिकामी फिरते, सावज शोधते, असा दुसरा मजकूर त्याच गटांवर आला व मला ठाण्यातून बोलावणे आले. मी जबाब दिला की, साहेब, सवयीने फिरतो. हवालदारांनी लिहून घेतले ‘सवयीने’. घरी आल्यावर तो शब्द आठवून मला घाम फुटला. तो शब्द बदलून ‘बसवत नाही म्हणून’ असा करून मिळावा.

११) काल रविवारी मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलो होतो. कांद्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, तीन-चार वर्षांचे एक लेकरू एकटेच उभे राहून रडत होते. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली चालल्या होत्या. ते माझ्यापासून दोन पावलांवर होते. मी आयुष्यात अशी किती पोरे उचलली असतील. रस्ता ओलांडून दिली, चिखलातून काढली, झोपलेली खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर पोहोचवली.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत अडकवले. आणि तिथूनच ओरडलो, “कुणाचं लेकरू हाय वो हे? कुणाचं हाय?” कुणी वळून पाहिले नाही. ते लेकरू माझ्या आवाजाने माझ्याकडे बघू लागले आणि त्याने हात वर केले, उचलून घे म्हणून. मी हात सोडले नाहीत. एक टेंपो मागे मागे येत होता, चालकाला ते दिसत नव्हते. मी ओरडतच राहिलो. शेवटी भाजी विकणारी एक बाई तराजू टाकून धावली, पोराला कडेवर घेतले व टेंपोच्या पाठीवर हाताने दणादण मारले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काय रं बाबा, हात मोडल्यात व्हय तुझं?”

थोड्या वेळाने त्याची आई आली. बाईने पोर तिच्या हवाली केले. मी भाजी न घेता घरी आलो.

साहेब, व्हॅनचे काय व्हायचे ते होईल. हुपरीहून एकांनी माल पोहोचवायचे काम देऊ केले आहे, पोटाची सोय लागेल. पण तो टेंपो आणखी हातभर मागे आला असता, तर मी तिथे हात बांधून उभा असलेला माणूस ठरलो असतो. ते मला कालपासून सोसवत नाही. रस्त्यात रडणारे पोर मी उचलू शकतो, एवढे मला सरकारच्या शिक्क्याने लिहून हवे आहे. इतर कोणाला दाखवले नाही तरी चालेल. माझ्या खिशात ठेवीन.

तरी वरील नमुन्याप्रमाणे दाखला मिळावा, पार्ककडून पुढचे चित्रण मागवून घ्यावे व अर्धवट व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांस समज द्यावी. हा अर्ज देण्यासाठी श्री. प्रभुलिंग पट्टणशेट्टी पहाटेच्या गाडीने गावाहून येऊन माझ्यासोबत आले आहेत. आपण बोलावल्यास ते आत येऊन सांगतील. आम्ही दोघेही बाहेरच्या बाकावर आहोत, व आज उत्तर न मिळाल्यास उद्या परत येऊ.

आपला नम्र व थांबलेला,

(सही)
कृष्णात दत्तू चौगले

सोबत :
१) चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राची झेरॉक्स
२) नेत्रतपासणीचा कागद (फक्त आपल्या माहितीसाठी)
३) श्री. प्रभुलिंग पट्टणशेट्टी यांचे सहीचे निवेदन
४) शिक्का मारण्यायोग्य दाखल्याचा नमुना, दोन प्रती